बिल्ला, कवटी आणि कविता

मराठी वाचकाच्या मनातला जर्मनी १९३३ साली सुरू होतो आणि १९४५ साली संपतो. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ ज्या पिढ्यांनी कॉलेजच्या दिवसांत रात्री जागून वाचलं, त्यांना हिटलरचे सेनापती नावानिशी पाठ आहेत. गोबेल्सचं नाव तर आपल्याकडे राजकीय भाषणांत शिवीसारखं चालतं. त्याआधीचा जर्मनी म्हणजे मॅक्सम्युलर आणि शाकुंतल वाचून हरखलेला गटे. नंतरचा म्हणजे मोटारी आणि यंत्रं. या सगळ्यात जर्मन साम्राज्याने आफ्रिकेत, पॅसिफिकच्या बेटांवर आणि चीनच्या किनाऱ्यावर तीसेक वर्षं वसाहती चालवल्या, ही गोष्ट जवळजवळ येतच नाही. साम्राज्य म्हटलं की आपल्यापुढे इंग्रज उभा राहतो, गोव्यात पोर्तुगीज. याचं फार वाईट वाटून घ्यायला नको. खुद्द जर्मनांनाही परवापरवापर्यंत ती आठवत नव्हती.

हे पुस्तक त्या विसरलेल्या तीस वर्षांबद्दल आहे. त्याहून जास्त ते आहे ती वर्षं जर्मनीला कुणी आठवून दिली याबद्दल. ते काम मुख्यतः विद्यापीठांनी केलं नाही, सरकारने तर नाहीच. ते केलं आश्रय मागायला आलेल्या आफ्रिकी माणसांनी, जर्मनीत जन्मून परके ठरलेल्या कृष्णवर्णीय बायकांनी, कवींनी, चित्रकारांनी, रस्त्याच्या पाट्यांसाठी वर्षानुवर्षं निवेदनं देत बसलेल्या कार्यकर्त्यांनी. म्हणून वसाहतींचा इतिहास, निर्वासितांचं राजकारण आणि कला हे तीन विषय इथे एकाच पुठ्ठ्यात बांधले आहेत. ते वेगळे केले तर तिन्ही अर्धवट राहतात, असं माझं मत आहे.

आधी थोडा इतिहास. १८८३ साली ब्रेमेनचा तंबाखूचा व्यापारी आडोल्फ ल्युडेरिट्झ याने नामा जमातीचा प्रमुख योसेफ फ्रेडरिक्स याच्याकडून आजच्या नामिबियातली किनारपट्टी विकत घेतली. करारात किनाऱ्यापासून आत वीस मैल असं लिहिलं होतं. फ्रेडरिक्सला ठाऊक होता इंग्रजी मैल, सुमारे १.६ किलोमीटरचा. ल्युडेरिट्झने नंतर सांगितलं, आमचा मैल जर्मन भौगोलिक मैल, ७.४ किलोमीटरचा. सातबारा आणि मोजणीच्या भानगडींत आयुष्यं घालवलेल्या आपल्या शेतकऱ्याला हा डाव समजावून सांगायला नको. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८८४ मध्ये, बिस्मार्कने बर्लिनला चौदा राष्ट्रांची परिषद बोलावली आणि आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरले. परिषदेत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. टोगो, कॅमेरून, नैर्ऋत्य आफ्रिका (आजचा नामिबिया) आणि पूर्व आफ्रिका (टांझानियाची मुख्य भूमी, रुआंडा, बुरुंडी) हे प्रदेश जर्मन झेंड्याखाली गेले.

१९०४ च्या जानेवारीत नामिबियातले हेरेरो जमातीचे लोक जर्मनांविरुद्ध उठले. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गच्या लढाईत हरल्यावर त्यांना ओमाहेकेच्या वाळवंटात रेटण्यात आलं आणि पाण्याच्या जागा सैन्याने अडवल्या. २ ऑक्टोबर १९०४ रोजी जनरल लोथार फॉन ट्रोथा याने जर्मन हद्दीत दिसलेल्या प्रत्येक हेरेरोला गोळी घालण्याचा लेखी हुकूम काढला. त्यानंतर नामाही उठले. पकडलेल्यांची रवानगी छावण्यांत झाली. त्यांतली सर्वांत भयंकर ल्युडेरिट्झच्या बंदरातल्या शार्क बेटावर होती. थंड वाऱ्यात, उघड्या खडकावर. अंदाज वेगवेगळे आहेत, पण साधारण ८०,००० हेरेरोंपैकी बहुतेक आणि २०,००० नामांपैकी निम्मे या चार वर्षांत मेले, असं बहुतेक इतिहासकार मानतात. विसाव्या शतकातला हा पहिला वंशसंहार.

या कथेतला एक भाग निर्वासितांच्या चर्चेत कधी येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. सॅम्युएल महारेरो या प्रमुखासह काही हेरेरो वाळवंट ओलांडून ब्रिटिश बेचुआनालँडमध्ये पोहोचले. त्यांचे वंशज आजही बोट्स्वानात राहतात. जर्मनी आणि आफ्रिकी निर्वासित यांचा संबंध आला तो असा, जर्मनांपासून पळणाऱ्या माणसांपासून.

१९०७ मध्ये नैर्ऋत्य आफ्रिकेच्या वसाहतीत नवे कायदे झाले. सात वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी माणसाने धातूचा नंबर असलेला बिल्ला जवळ बाळगायचा आणि परवानगीशिवाय आपला जिल्हा सोडायचा नाही. बिल्ला नसलेल्याला कुणीही गोरा अडवू शकत असे. आता पाऊण शतक पुढे या. १९८२ साली पश्चिम जर्मनीने आश्रयाच्या कायद्यात एक तरतूद घातली: अर्जाचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराने नेमून दिलेला जिल्हा लेखी परवानगीशिवाय सोडू नये. निकालाला कधीकधी वर्षं लागत. शेजारच्या गावात मित्राकडे गेलं तरी दंड, पुन्हा गेलं तर कैद. १९९४ साली आफ्रिकी निर्वासितांनी ‘द व्हॉइस’ ही संघटना काढली, तिचा एक मोठा लढा याच तरतुदीविरुद्ध होता. तिच्यातली काही मंडळी कॅमेरूनची, म्हणजे एकेकाळच्या जर्मन वसाहतीची. तुम्ही आमचे देश उद्ध्वस्त केलेत म्हणून आम्ही इथे आहोत, अशी घोषणा घेऊन ही माणसं गावोगाव फिरली. बिल्ला आणि परवाना एकाच वंशावळीतले आहेत, हे त्यांनी मोठ्याने सांगितलं.

हे म्हणणं जसंच्या तसं मान्य करावं का? मला वाटतं, नाही. १९८२ चा कायदा करणाऱ्यांच्या टेबलावर १९०७ चा हुकूम पडलेला नव्हता. १९४९ च्या जर्मन राज्यघटनेने राजकीय छळ झालेल्या प्रत्येकाला आश्रयाचा हक्क दिला होता, आणि तो नाझी काळात स्वतः आश्रय शोधत फिरलेल्या जर्मनांची आठवण ठेवून दिला होता. इतकी उदार तरतूद तेव्हा थोड्याच देशांत होती. पण दोन कायद्यांमध्ये सरळ रेघ नसली तरी एक आडवी वाट आहे, आणि ती नागरिकत्वाच्या कायद्यातून जाते. वसाहतींत गोरे आणि काळे यांच्या लग्नांवर १९०५ पासून एकेक करून बंदी आली. अशा घरांतली मुलं जर्मन की ‘नेटिव्ह’, यावर बर्लिनच्या संसदेत वाद झडले. त्या वातावरणात १९१३ चा नागरिकत्व कायदा झाला आणि नागरिकत्व रक्ताने, म्हणजे वंशपरंपरेने मिळेल असं ठरलं. त्याचा गाभा २००० सालापर्यंत टिकला. तोवर जर्मनीत जन्मलेलं तुर्की मजुराचं मूल कागदावर परकंच राहत होतं. कोण आपला आणि कोण पाहुणा हे ठरवण्याची सवय अशी लागते, आणि कायदा बदलल्यावरही ती लगेच सुटत नाही.

राज्यघटनेतल्या त्या उदार हक्काचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९९२ मध्ये चार लाखांहून जास्त अर्ज आले, रोस्टॉकच्या लिख्टेनहागेन वस्तीत व्हिएतनामी कामगारांच्या इमारतीला आग लावणाऱ्यांना शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि २६ मे १९९३ रोजी संसदेने घटनादुरुस्ती करून हक्काला इतक्या अटी लावल्या की जमिनीच्या रस्त्याने येणाऱ्याला तो जवळजवळ उरलाच नाही. तीन दिवसांनी झोलिंगेनमध्ये एका तुर्की कुटुंबाचं घर जाळण्यात आलं. पाच मुली-बायका मेल्या.

या पुस्तकातलं महाराष्ट्राशी थेट जोडलेलं प्रकरण कवट्यांचं आहे. शार्क बेटावर मेलेल्यांची डोकी बर्लिनला ‘अभ्यासासाठी’ पाठवली जात. ती साफ करण्याचं काम छावणीतल्या बायकांना दिलं होतं, हातात काचेचे तुकडे देऊन. आपल्याच माणसांची डोकी. बर्लिनच्या संग्रहांत अशा, सगळ्या वसाहतींतून गोळा केलेल्या, हजारो कवट्या जमल्या. १९०८ मध्ये ऑयगेन फिशर नावाचा शास्त्रज्ञ नामिबियातल्या रेहोबोथ गावी गेला आणि मिश्र वंशाच्या कुटुंबांची मापं घेऊन वंशसंकराविरुद्ध निष्कर्ष घेऊन परतला. १९२७ साली तो बर्लिनच्या डालेम भागात निघालेल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेचा पहिला संचालक झाला. पुढे याच संस्थेचा संबंध आउश्वित्झच्या योसेफ मेंगेलेशी आला.

त्या संस्थेत १९२८ च्या अखेरीला पुण्याहून एक मुलगी शिकायला गेली. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना तिचं जाणं पसंत नव्हतं. नवरा दिनकर कर्वे मात्र पाठीशी होते. इरावती कर्वे. फिशरने तिला विषय दिला कवट्यांच्या विषमतेचा. गोऱ्यांच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू जास्त असमान असते, कारण त्यांच्या मेंदूचा बुद्धीशी निगडित भाग मोठा असतो, असा त्याचा तर्क होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या, युरोपीय आणि बिगर-युरोपीय, आणि लिहिलं की वंशाचा आणि विषमतेचा काहीएक संबंध दिसत नाही. चोविशी-पंचविशीतली परदेशी मुलगी, परकी भाषा, समोर संस्थेचा संचालकच परीक्षक. बाईंचं धैर्य मला ‘युगान्त’मधल्या कुठल्याही पानाइतकंच मोठं वाटतं. गुण अर्थातच कमी मिळाले.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती शाळेच्या पुस्तकातला धडा होते. पुण्याला आल्यावर इरावतीबाईंनी मोजपट्टी खाली ठेवली नाही. महाराष्ट्रातल्या जातींची, आदिवासींची शरीरमापं त्या वर्षानुवर्षं घेत राहिल्या. फिशरचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, पद्धत ठेवली. आणि ज्या १४९ माणसांची डोकी त्यांच्या हाताखालून गेली ती माणसं कोण होती, कुठून आणि कशी तिथे आली, हा प्रश्न त्या काळात त्या शास्त्रात कुणी विचारत नव्हतं. आज तो विचारला जातो. २०१४ साली डालेमच्या त्या इमारतीजवळ बांधकाम चालू असताना जमिनीतून माणसांची हाडं निघाली. सुमारे १६,००० तुकडे. ते कुठल्या ‘वंशा’चे हे शोधायला गेलं तर फिशरचंच काम पुन्हा करावं लागेल, म्हणून पीडितांच्या संघटनांशी बोलून तो शोध घ्यायचा नाही असं ठरलं, आणि मार्च २०२३ मध्ये ती सगळी एकत्र दफन झाली. बर्लिनच्या संग्रहालयांच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेतल्या अकराशेहून अधिक कवट्यांवर त्याच वर्षी अहवाल आला. त्यांतल्या तिघांचे नातेवाईक टांझानियात सापडले.

आता ज्यांनी हे सगळं उकरून काढलं त्यांच्याकडे येतो. सुरुवात कवितेपासून झाली, हे मला महत्त्वाचं वाटतं. मे आयिम यांचा जन्म १९६० चा, हँबुर्गचा. आई जर्मन, वडील घानाचे, लहानपण दत्तकासारखं एका गोऱ्या घरात गेलेलं. अमेरिकी कवयित्री ऑड्री लॉर्ड १९८४ मध्ये बर्लिनला शिकवायला आल्या तेव्हा त्यांच्याभोवती कृष्णवर्णीय जर्मन बायकांचा एक गट जमला. त्या एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या. तोवर प्रत्येकीला आपण एकटीच आहोत असं वाटत होतं. १९८६ साली कातारिना ओगुंतोये आणि डागमार शुल्ट्झ यांच्यासोबत मे आयिम यांनी ‘फार्बं बेकेनेन’ हे पुस्तक काढलं. आत्मकथनं, मुलाखती, कविता आणि जर्मन वसाहतींचा इतिहास, सगळं एकत्र. दलित आत्मकथनं वाचलेल्या मराठी वाचकाला हा घाट ओळखीचा वाटेल: आधी मी कोण ते सांगते, मग तुमचा इतिहास तपासते. १९९० मध्ये दोन जर्मनी एक झाले तेव्हा सगळा देश आनंदात असताना मे आयिम यांच्या कविता विचारत होत्या की या घरात आमची जागा कुठली. १९९६ साली त्यांनी आयुष्य संपवलं. २०१० मध्ये बर्लिनच्या क्रॉयट्झबर्ग भागातल्या नदीकाठच्या रस्त्याला त्यांचं नाव मिळालं. आधी तिथे सतराव्या शतकात घानाच्या किनाऱ्यावर किल्ला बांधणाऱ्या फॉन डेर ग्रोबेनचं नाव होतं.

पाट्यांच्या लढाया आपल्यालाही नव्या नाहीत. बर्लिनच्या वेडिंग भागातल्या ‘आफ्रिकन वस्ती’त ल्युडेरिट्झचा रस्ता २०२२ च्या डिसेंबरपर्यंत होता. आता तो शार्क बेटावर मेलेल्या नामा नेत्याच्या, कॉर्नेलिउस फ्रेडरिक्सच्या नावाचा आहे, आणि शेजारचा चौक रुडोल्फ दुआला मांगा बेल आणि त्याची पत्नी एमिली यांच्या नावाचा. रुडोल्फ हा कॅमेरूनमधल्या दुआला लोकांचा राजा, जर्मनीत शिकलेला, जर्मन कायद्यावर विश्वास ठेवून आपल्या लोकांच्या जमिनीसाठी अर्ज-विनंत्या करत राहिलेला. ऑगस्ट १९१४ मध्ये त्याला फाशी झाली.

त्याच क्रॉयट्झबर्गमध्ये, मे आयिम यांच्या रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ओरानियनप्लाट्झ आहे. २०१२ च्या जानेवारीत व्युर्झबुर्गच्या निर्वासित वसतिगृहात एका इराणी तरुणाने आत्महत्या केली. सप्टेंबरमध्ये तिथून निर्वासित चालत निघाले, जिल्हा सोडायचा नाही हा नियम पावलोपावली मोडत सुमारे ६०० किलोमीटर चालून बर्लिनला पोहोचले आणि या चौकात तंबू ठोकून बसले. एप्रिल २०१४ पर्यंत, दीड वर्ष. शेवटी तंबू उठवले गेले तेव्हा सुदानची नापुली लांगा ही कार्यकर्ती झाडावर चढून बसली आणि काही दिवस उतरली नाही. जिल्हाबंदीचा नियम २०१५ मध्ये बराच सैल झाला. त्याचं श्रेय संसदेइतकंच या चौकाला आहे.

साहित्य आणि कला यांनी या सगळ्याचं काय केलं? काही चांगलं, काही शंकास्पद. येनी एर्पेनबेक यांच्या ‘गेएन, गिंग, गेगांगेन’ या २०१५ च्या कादंबरीत निवृत्त प्राध्यापक रिखार्ड ओरानियनप्लाट्झच्या माणसांकडे प्रश्नांची यादी घेऊन जातो. कादंबरी मन लावून लिहिलेली आहे, पण तिचा केंद्रबिंदू प्राध्यापकच राहतो. आफ्रिकी माणसं त्याच्या जागे होण्याची साधनं ठरतात. मला ती आवडली आणि खटकलीही. ‘राजकीय सौंदर्य केंद्र’ या बर्लिनच्या गटाने जून २०१५ मध्ये भूमध्य समुद्रात मेलेल्या निर्वासितांचे मृतदेह आणून बर्लिनमध्ये दफन केल्याचं जाहीर केलं, आणि लोकांनी संसदेसमोरचं गवत उकरून प्रतीकात्मक कबरी केल्या. सरकारची झोप उडाली हे खरं. पण मेलेल्या माणसाची संमती कोण विचारणार, हा आक्षेप निर्वासितांच्या बाजूनेच आला, आणि तो कवट्यांच्या प्रकरणानंतर मला डावलता येत नाही.

याउलट ओलु ओगुइबे. नायजेरियात जन्मलेले, बियाफ्राच्या युद्धाची झळ लहानपणी सोसलेले. २०१७ च्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनासाठी कासेलच्या राजचौकात त्यांनी सोळा मीटर उंचीचा स्तंभ उभारला. त्यावर मत्तयच्या शुभवर्तमानातलं परक्याला घरात घेण्याविषयीचं वाक्य जर्मन, इंग्रजी, अरबी आणि तुर्की अशा चार भाषांत सोनेरी अक्षरांत कोरलं. बाकी काही नाही. उजव्या पक्षाच्या नगरसेवकाने त्याला नाझी काळाची आठवण करून देणारं विशेषण लावलं आणि ३ ऑक्टोबर २०१८ रोजी, जर्मन एकीकरणाच्या सुट्टीच्या दिवशी, पालिकेने तो उतरवला. पुढच्या वर्षी तो जवळच्या दुसऱ्या रस्त्यावर पुन्हा उभा राहिला. ख्रिस्ती संस्कृतीच्या रक्षणाची भाषा करणाऱ्यांना बायबलचं वाक्य सहन झालं नाही. यावर भाष्याची गरज नाही.

अब्दुलरझाक गुर्ना यांच्याबद्दल एक स्वतंत्र लेख आत आहे, म्हणून इथे थोडक्यात. झांझिबारहून तरुणपणी इंग्लंडला आश्रयाला गेलेल्या या लेखकाने २०२० च्या ‘आफ्टरलाइव्ज’मध्ये जर्मन सैन्यातल्या आफ्रिकी शिपायांची गोष्ट लिहिली. २०२१ मध्ये नोबेल मिळालं. मुंबईहून बोटीने गेलेल्या हिंदी सैन्याचा नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या टांगाच्या किनाऱ्यावर याच शिपायांनी धुव्वा उडवला होता. इंग्रजांसाठी लढणारे आपले आणि जर्मनांसाठी लढणारे आफ्रिकी, दोघांचं त्या जमिनीशी काही देणंघेणं कुणी ठेवलं नव्हतं. तसाच एक खरा शिपाई, बायुमे मोहामेद हुसेन, पुढे बर्लिनला राहिला, विद्यापीठात स्वाहिली शिकवली, सिनेमांत नोकराची कामं केली, थकलेला पगार मागितला, आणि १९४४ मध्ये साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत मेला.

सरकारी माफीबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. मे २०२१ मध्ये जर्मनीने हेरेरो-नामा हत्याकांडाला आजच्या भाषेत वंशसंहार म्हटलं आणि तीस वर्षांत १.१ अब्ज युरो विकासासाठी देऊ केले, मात्र त्यांना नुकसानभरपाई म्हणायचं टाळलं. बोलणी नामिबियाच्या सरकारशी झाली. आमच्या पूर्वजांबद्दल आमच्यावाचून ठरवलं, असं म्हणत हेरेरो आणि नामांच्या अनेक संघटनांनी करार नाकारला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष स्टाइनमायर टांझानियातल्या सोंगेयाला गेले आणि जर्मन राजवटीविरुद्धच्या ‘माजी माजी’ युद्धाबद्दल, ज्यात दुष्काळासह तीन लाखांपर्यंत माणसं गेली असं मानतात, त्यांनी क्षमा मागितली. उशिरा का होईना, हे बरं झालं.

आज या विषयाचा आपल्याशी एक नवा व्यवहारही आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, चालक अशा तरुण-तरुणींना जर्मन शिकवायचे वर्ग निघाले. याच राज्याच्या राजधानीत, श्टुटगार्टच्या लिंडेन संग्रहालयात, नामांचा नेता हेंड्रिक विटबोई याचं बायबल आणि चाबूक शतकाहून जास्त काळ पडून होते. १८९३ च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्याने पहाटे त्याच्या होर्नक्रान्स वस्तीवर हल्ला करून बायकापोरांची कत्तल केली, तेव्हाची ती लूट. २०१९ मध्ये त्या राज्याच्या मंत्री त्या वस्तू घेऊन नामिबियाला गेल्या आणि परत देऊन आल्या. आपल्या मुलांनी जर्मनीला जरूर जावं, चांगलं कमवावं. कुठल्या घरात जातोय हे माहीत असावं, इतकंच.

शेवटी वाचकांना नाही, तर पुण्या-मुंबईतल्या जर्मन शिकणाऱ्यांना एक विनंती. या विषयावर मराठीत येतं ते बहुतेक इंग्रजीतून येतं. मे आयिम यांच्या कविता, ऊवे टिम यांची १९७८ ची ‘मोरेंगा’ ही कादंबरी, आणि हो, इरावतीबाईंचा कवट्यांवरचा तो प्रबंध, मूळ जर्मनमध्ये आहेत. ते थेट जर्मनमधून मराठीत आणा. प्रबंध पातळ आहे. तिथून सुरुवात करायला हरकत नाही.